पिक्चरवरचा गेम वेगळा आणि पिक्चरच्या दुनियेतला गेम वेगळा

आवडत्या पिक्चर सिरीजचं नाव गेमवर दिसलं की आपण बाकी काही न बघता घेतो, आणि तिथेच घोळ होतो, कारण लोगो तोच, म्युझिक तेच, पण आत दोन वेगळे प्रकार असतात. एकात पिक्चरचीच स्टोरी आपल्याला खेळायला मिळते, दुसऱ्यात दुनिया तीच पण माणसं आणि गोष्ट नवी.

घोळाचं एकदम परफेक्ट उदाहरण म्हणजे मॅड मॅक्स. २०१५ मध्ये मे महिन्यात 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हा पिक्चर आला आणि सप्टेंबरमध्ये गेम, त्यामुळे कितीतरी जणांना वाटलं की हा त्याच पिक्चरचा गेम. पण पिक्चरची हिरोईन फ्युरिओसा गेममध्ये नाहीच! मॅक्सची गाडी हिसकावली जाते, मग चमबकेट नावाच्या मेकॅनिकसोबत तो नवी गाडी उभी करतो, एवढी साधी आणि स्वतंत्र गोष्ट आहे. फ्युरिओसा शोधत बसलात तर वैतागाल, वाळवंटात गाडी घेऊन भटकायचं असेल तर मात्र मजा आहे.

पहिल्या प्रकाराचं नाव खराब झालं ते घाईमुळे. पिक्चर थिएटरला लागेल तेव्हा गेमही तयार पाहिजे असा हट्ट असायचा. १९८२ चा अटारी या गेम मशीनवरचा 'ई.टी.' पिक्चरचा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला ख्रिसमसच्या सीझनसाठी जेमतेम पाच आठवड्यांत बनवायला लागला, आणि पुढे न खपलेली कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायचे गेमचे डबे) अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कचरा डेपोत पुरली, ती २०१४ मध्ये उकरून काढली. मला यात त्या माणसाची चूक वाटतच नाही, पाच आठवड्यांत कोण काय करणार.

आणि वेळ मिळाला की काय होतं ते 'गोल्डनआय' मध्ये बघा. जेम्स बॉन्डचा हा पिक्चर १९९५ चा, निन्टेन्डो ६४ या गेम मशीनवरचा गेम थेट १९९७ चा. पिक्चरच्या सुरुवातीला बॉन्ड धरणावरून उडी मारतो, पटकन होऊन जातं ते. गेममध्ये त्या उडीपर्यंत पोचायला अख्खी लेव्हल आहे, टॉवरवरचे गार्ड, बोगदा, स्नायपर रायफल, आणि मग कुठे धरणाची कड येते. स्टोरी पाठ असूनही ती उडी आपली स्वतःची वाटते, या प्रकाराचं खरं सुख तेच. (२००४ चा स्पायडर-मॅन २ पिक्चरसोबतच आला तरी भारी होता, कारण जाळं हवेत नाही तर खरोखर बिल्डिंगला चिकटायचं, म्हणजे घाईचा नियमही पक्का नाही.)

तरी मला विचाराल तर माझा जीव दुसऱ्या प्रकारात जास्त रमतो, आणि त्यातही २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन'. पहिल्या 'एलियन' पिक्चरमधल्या घटनांनंतर १५ वर्षांनी त्याची हिरोईन रिप्ली हिची मुलगी अमांडा एका स्पेस स्टेशनवर पोचते. तिथला एलियन प्राणी मरत नाही आणि ठरलेल्या रस्त्याने फिरतही नाही, त्यामुळे आधी इथून आला होता म्हणून आताही इथूनच येईल असं धरून चालताच येत नाही. हातातल्या मोशन ट्रॅकरकडे (आसपासची हालचाल दाखवणारं यंत्र) बघायला गेलं की समोरचं सगळं धूसर होतं, आणि सेव्ह करायला मशीनमध्ये कार्ड घालून तिन्ही लाइट लागेपर्यंत उभं राहायचं, तेवढ्यात तो मागून आला की संपलं. यातली गोष्ट पिक्चरमधून उचललेली नाही, पण भीती अगदी तीच.

कुठला प्रकार आहे हे ओळखायला फार काही लागत नाही, गेमच्या माहितीत हिरो कोण आणि काळ कुठला एवढं वाचा. २०२४ चा इंडियाना जोन्स बघा, हिरो तोच पण साल १९३७, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिक्चरच्या मधलं, म्हणजे गोष्ट नवी. फक्त दुसऱ्या प्रकारात आधी पिक्चर बघूनच घ्या. अमांडा त्या स्टेशनवर जाते ती आईच्या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर सापडलाय म्हणून, आणि त्या जहाजावर काय झालं हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं.