आरतीतली राही आणि वाटेवरची राही

परवा तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावी भाचीच्या मुलीचं बारसं झालं. नाव ठेवलं राही. नागपूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी लगेच अर्थ सांगितला, "राही म्हणजे वाटसरू." पाळण्याशी बसलेली पणजी म्हणाली, "काहून जी? आपल्या आरतीतली राही हाय थे!"

दोघांचंही खरं होतं. उच्चार एकच असला तरी शब्द दोन आहेत.

वाटसरू राही फारसी 'राह'पासून, हिंदी-उर्दूतून आपल्याकडे आला. हिंदीत तो पुल्लिंगी. आपल्या भागात हिंदी रोज कानावर पडते, म्हणून तोच अर्थ आधी सुचतो.

आरतीतली राही म्हणजे राधिका. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या 'ध'चा प्राकृतात 'ह' झाला. दधीचं दही झालं, बधिराचा बहिरा झाला, आपल्या जंगलातल्या मधूकाचा मोह झाला. तशीच राधिकेची राहिआ आणि मग राही. हाल सातवाहनाच्या नावावरच्या 'गाथासप्तशती'त ही राहिआ भेटते. गाईंच्या खुरांनी उडालेली तिच्या तोंडावरची धूळ कृष्ण फुंकर घालून दूर करतो. ही गाथा महाराष्ट्री प्राकृतातली आहे, म्हणजे हे नाव आपल्याच भाषेच्या आजीने घडवलेलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

'राही रखुमाबाई' हे कित्येकांना एकच नाव वाटतं. लहानपणी मलाही वाटायचं. पण रखुमाई म्हणजे रुक्मिणी, वर्धेकाठच्या आमच्या कौंडण्यपूरची माहेरवाशीण. तिच्या माहेराहून आषाढीला पालखी निघते. राही वेगळी. पंढरपूरच्या देवळात दोघींच्या जागाही वेगळ्या आहेत.

जुन्या पिढीत हे नाव 'बाई' लावून यायचं. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा जन्म १९६४चा. त्यांना २०२०चा पद्मश्री मिळाला. वाटसरूला कुणी 'बाई' लावत नाही, त्यामुळे राहीबाई दिसली की ती आरतीतलीच समजावी. पुढे हे नाव जुनाट वाटू लागलं. दोन अक्षरी नावांची आवड आली तेव्हा 'बाई' गळून ते परतलं. १९९०मध्ये जन्मलेल्या नेमबाज राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि नाव घरोघरी ऐकू आलं.

आमच्या भाचीनेही ते तिच्यावरूनच ठेवलंय. आरतीतला अर्थ तिला पणजीकडून त्या दिवशी कळला. आता आरतीत ती ओळ आली की भाची पाळण्याकडे बघते.