रॉक क्रॉलिंग : इंजिनाच्या ताकदीचा वाद आणि त्यामागचे नियम

रॉक क्रॉलिंग म्हणजे मोठमोठ्या खडकांवरून गाडी हळूहळू चढवण्याचा खेळ. त्याच्या गाडीला किती अश्वशक्ती असावी, हा वाद आज टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) आणि नायट्रस (जास्त इंधन जाळू देणारा वायू) यांच्या भाषेत चालतो; त्याचा उगम मात्र गुणदानाच्या पद्धतीत आहे. 1953 साली कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलवर पन्नासहून थोड्या अधिक जीपगाड्यांचा पहिला संघटित जथा निघाला, तेव्हा महायुद्धातल्या जीपचे 2.2 लिटरचे इंजिन 60 अश्वशक्तीचे होते आणि तेवढ्यावर भागत असे. युटा राज्यातील मोआबला 1967 पासून ईस्टरच्या दिवसांत भरणाऱ्या मेळाव्यातही हार-जीत नव्हती. गुण मोजण्याची वेळ आली ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस, न्यू मेक्सिकोतील खडकाळ घळींमध्ये स्पर्धा सुरू झाल्यावर.

त्या स्पर्धांत रूढ झालेल्या पद्धतीत ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. शंकूंच्या जोड्यांमधून गाडी न्यायची, रिव्हर्स घेतला की एक गुण चढतो, शंकूला धक्का लागला की दहा, आणि चाळीस झाले की त्या टप्प्यातून बाद. वेळेची मर्यादा असे, पण लवकर पोहोचण्याला बक्षीस नसे. त्यामुळे गॅरेजात गाड्या बांधणाऱ्यांनी इंजिनाला हात न लावता गिअरकडे लक्ष दिले. पहिला गिअर चारास एक, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी जादा गिअरपेटी) चारास एक आणि ॲक्सल पाचास एक असे धरले, तर एकूण प्रमाण ऐंशीस एक होते. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर चाक दहाच फेरे घेते. 37 इंची टायरचा परीघ सुमारे तीन मीटर, म्हणजे गाडीचा वेग ताशी दोन किलोमीटरपेक्षाही कमी. टोयोटाच्या जुन्या 2.4 लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद 116 अश्वशक्तीच्या आसपास असूनही ते या खेळात वर्षानुवर्षे टिकले. ट्रान्सफर केसमध्ये मूळच्या 2.28 प्रमाणाच्या जागी 4.7 चे गिअर बसवले, किंवा दोन ट्रान्सफर केस एकामागे एक जोडले, की त्याच इंजिनाच्या टॉर्कने (चाक फिरवणाऱ्या जोराने) ॲक्सलचा दांडा तुटू शकत असे. मर्यादा ताकदीची नव्हती, दांड्याची होती.

याचा सर्वांत गमतीदार परिणाम खुल्या वर्गात दिसला. तिथे इंजिनावर कसलेही बंधन नव्हते, तरीही 2000 च्या दशकाच्या मध्यापासून त्याच वर्गात इंजिने लहान होत गेली. चालक पुढे, चार सिलिंडरचे इंजिन त्याच्या पाठीमागे, मागची चाकेही वळणारी आणि वजन शक्य तितके कमी, अशी नळ्यांची सांगाडावजा गाडी आली. मागची चाके वळत असल्यामुळे ती शंकूंच्या जोडीत एका दमात शिरते आणि रिव्हर्सचे गुण वाचतात. मोठा व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, मात्र पुढच्या चाकांवर नुसते ओझे होऊन बसतो. ज्यांना मोठे इंजिन घालण्याची पूर्ण मुभा होती त्यांनीच ते नाकारले, ही गोष्ट ताकदीच्या वादात क्वचितच कोणी आठवते.

खरा गुंता झाला तो ‘स्टॉक’ या शब्दाने. कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी, हा त्याचा साधा अर्थ. पण तशा गाडीने चढण्याजोगे टप्पे आखले तर प्रेक्षक येणार नाहीत, आणि प्रेक्षकांसाठी टप्पे आखले तर तशी गाडी दुसऱ्याच शंकूपाशी अडकेल. मग प्रत्येक आयोजकाने आपापल्या सोयीची रेघ ओढली. कुठे टायरचा व्यास हा निकष ठरला, कुठे मूळ चासी, कुठे मूळ बॉडी. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीच्या शर्यतीत स्टॉक वर्गाला सुरुवातीला 35 इंची टायर आणि मूळ चासीची अट होती, तर सुधारित वर्गाला 37 इंची टायर, चाकामागे एकच शॉक ॲब्सॉर्बर आणि चालकाच्या पुढे इंजिन. या सगळ्यात मोजपट्टी लावून तपासता येईल अशाच गोष्टींवर बंधने आली, हे ध्यानात घ्यायला हवे. टायर मैदानात मोजता येतो. अश्वशक्ती मोजायला डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र, लागतो, आणि तो वाळवंटात कोण नेणार? इंजिनावर मर्यादा न घालण्यामागे काही तत्त्व होते असे आता सांगितले जाते; माझ्या मते ती बहुतांशी तपासणीतली अडचण होती आणि तत्त्व मागाहून चिकटवले गेले.

2007 साली जॉन्सन व्हॅलीत तेरा चालकांनी आपसांत शर्यत लावली आणि पुढे ती ‘किंग ऑफ द हॅमर्स’ म्हणून नावारूपाला आली. इथे गुण नव्हते, घड्याळ होते. कोरड्या तळ्याच्या सपाटीवर ताशी दीडशे किलोमीटरपलीकडे जाणारी गाडी लगेच दगडांच्या घळीत शिरते. त्यामुळे व्ही-8 परतला आणि अश्वशक्ती शेकड्यांनी वाढली. अलाबामा, टेनेसी, केंटकी या दक्षिणेकडच्या राज्यांत हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. मोआबच्या वालुकाश्माला ‘स्लिकरॉक’ म्हणतात ते जुन्या काळी घोड्यांचे लोखंडी नाल त्यावर घसरत म्हणून. रबराची पकड त्यावर उत्तम बसते. दक्षिणेतला खडक मात्र चिखलाने माखलेला असतो, तिथे हळू चढू पाहणारे चाक जागच्या जागी फिरते. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबून उड्या घेतच वर जायचे, आणि निकाल मिनिटाच्या आत लागायचा. या ‘रॉक बाउन्सर’ गाड्यांखाली लष्करी ट्रकचे ॲक्सल आले ते याच माराला तोंड देण्यासाठी.

ताकद वाढवण्याचे उपायही या दोन पद्धतींनुसार वेगळे पडले. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. सिलिंडरच्या उष्णतेत तो सुटा होतो आणि जास्त इंधन जळू शकते. पण ही फवारणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच उपयोगाची, म्हणून काही सेकंदांच्या चढाला ती शोभते. शंकूंच्या टप्प्यात एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून चालक स्पॉटरच्या, म्हणजे बाहेर उभे राहून वाट दाखवणाऱ्या साथीदाराच्या, बोटाकडे पाहत इंचाइंचाने सरकत असतो. तिथे टर्बोचा दाब अर्ध्या सेकंदाने उशिरा आला की गाडी नको तेव्हा पुढे झेपावते आणि दहा गुण चढतात. पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर कमी फेऱ्यांतही दाब देतो, त्यामुळे तो त्यातल्या त्यात सुसह्य. नियमांतला असाच फरक आपल्याकडेही दिसतो : गोव्यात 2014 साली सुरू झालेल्या पावसाळी ऑफ-रोड स्पर्धेत विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) हे मुख्य हत्यार आहे, तर क्रॉलिंगच्या अमेरिकी नियमांत विंचने गाडी ओढून घेणे हा कमीपणा मानला गेला.

‘स्टॉक’चा प्रश्न अलीकडे साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी आसनांच्या छोट्या ऑफ-रोड, गाड्यांनी पुन्हा उकरून काढला आहे. पोलारिसच्या 2014 च्या हजार सीसी मॉडेलची ताकद 107 अश्वशक्ती होती. 2016 च्या मॉडेलला टर्बो आला आणि ती 144 झाली. कॅन-ॲमची 2024 ची मॅव्हरिक आर ही 999 सीसीची गाडी टर्बोसह शोरूममधूनच 240 अश्वशक्ती घेऊन बाहेर पडते. टर्बो कारखान्यानेच बसवलेला असल्यामुळे शब्दार्थाने ती निखळ स्टॉक ठरते. म्हणून ऑफ-रोड शर्यतींच्या अनेक मालिकांनी टर्बो आणि बिनटर्बो असे वर्ग वेगळे केले, आणि जी रेघ मोठ्या गाड्यांसाठी कधी ओढली गेली नव्हती, ती या छोट्या गाड्यांसाठी ओढावी लागली.