घाडग्यांची पलटण आणि टांगाईलची उडी

दर ११ डिसेंबरला आम्ही निवृत्त छत्रीधारी (विमानातून छत्रीने उडी घेणारे सैनिक) फोनवरून एकमेकांची खुशाली विचारतो. १९७१ साली याच तारखेला, दुपार कलताना, बांगलादेशच्या युद्धात, २ पॅरा ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ छत्रीने उतरली. विमानं किती होती, माणसं किती होती हे सगळ्यांना पाठ असतं. पलटण आली कुठून, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, म्हणजे ३ मराठा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे याच पलटणीतून लढत होते. शत्रूच्या मशिनगनने त्यांची सगळी तुकडी लोळवली. एकटे उरलेले घाडगे त्या मोर्चावर धावून गेले, हातगोळा टाकला, टॉमीगन चालवली आणि गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून शेवटच्या दोघांना त्याच बंदुकीने झोडपलं. दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे.

महायुद्धानंतर ही पलटण छत्रीधारी झाली. त्याआधी, १९४१ साली दिल्लीत ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली होती. फाळणीनंतर ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या हाताखाली हीच ब्रिगेड काश्मीरच्या लढाईत नौशेरात लढली. १५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट वेगळी झाली, आणि ३ मराठा ही २ पॅरा झाली. नाव बदललं, माणसं सातारा, कोल्हापूर, कोकणातलीच राहिली.

मी स्वतः आग्र्याला उड्या मारल्या, युद्धात नाही. पाच उड्यांवर विंग्ज, म्हणजे छत्रीधाऱ्याचं पंखांचं चिन्ह, मिळतात, त्यातली एक रात्रीची. विमानात आडव्या तारेला छत्रीच्या दोरीचा हूक अडकवायचा, हिरवा दिवा लागला की दारातून बाहेर. छत्री आपोआप उघडते, त्यात जवानाचं कर्तृत्व काही नाही. खरा कस जमिनीवर लागतो. पाठीवर आणलं तेवढंच आपलं, मागे रस्ता नाही, रसद नाही, आणि आपले रणगाडे-तोफा शत्रूच्या पलीकडे. जमिनीवरून येणारी फौज वेळेत पोहोचली नाही तर उतरलेली पलटण संपते. टांगाईलकडे बघताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

मैमनसिंग आणि जमालपूरकडची पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड मागे हटून ढाका वाचवायला निघाली होती. तिची वाट पुंगली पुलावरून. तो पूल धरायचा, एवढंच काम. लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्यासोबत ७०० हून अधिक जवान डमडम आणि कलाईकुंडाहून निघाले. वाऱ्याने माणसं आणि सामान विखुरलं. गावकरी धावून आले, दारूगोळ्याच्या पेट्या त्यांनी डोक्यावर वाहून नेल्या. कादर सिद्दिकींचे मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे, लढवय्ये तिथे आधीपासून होतेच. संध्याकाळी पूल हाती आला, आणि रात्रभर माघारी येणारे पाकिस्तानी सैनिक त्यावर आपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जी पलटण त्यांना येऊन मिळाली ती १ मराठा, जंगी पलटण, नुकतीच जमालपूर जिंकून आलेली. परमुलखात, पुलाच्या तोंडाशी, दोन मराठा पलटणींची गाठ पडली. मला या सगळ्या मोहिमेत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो, ढाक्यापेक्षाही. १६ डिसेंबरला मीरपूर पुलावरून ढाक्यात आधी शिरली तीही २ पॅराच. पुढे 'पुंगली पूल' हा युद्धसन्मान तिच्या नावावर लागला, पन्नूंना महावीर चक्र मिळालं.

स्मरणात मात्र या गोष्टीचे तुकडे झालेत. माणगाव घाडग्यांना ओळखतं, फौज टांगाईलला ओळखते. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्याशी जोडलेलं आहे. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी एवढं मनावर घेतलं, हे वाचून माझे डोळे भरून आले.

यंदाच्या ११ डिसेंबरला मी माणगावला घाडग्यांच्या पुतळ्यापाशी जाणार आहे. डोक्यावर मरून बेरे, छत्रीधाऱ्यांची तपकिरी-लाल टोपी, असेल. शाळेतली पोरं जमली तर त्यांना पुंगलीचा पूल मातीत काठीने काढून दाखवीन.