भुसावळ ते दुर्ग: नागपूरच्या डिझेल गाड्यांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड या तुकड्यावर विजेची तार ताणून झाली आणि मध्य रेल्वेचे सगळे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचे, मार्ग विजेवर आले. बातमी वाचली आणि माझ्या कानात नागपूर-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डिझेल इंजिनाची धडधड सुरू झाली. रेल्वेचा इतिहास सांगताना आधी वाफ, मग डिझेल, मग वीज असा क्रम सांगतात आणि डिझेलला मधली पायरी म्हणून दोन वाक्यांत उरकतात. नागपूरच्या बाबतीत मला हे पटत नाही. आमच्या दोन पिढ्यांचा रेल्वेप्रवास डिझेलवर झाला. देशाच्या मधोमध असलेल्या या शहरात तार इतक्या उशिरा का आली, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

नागपूरला पहिली रेल्वे १८६७ मध्ये आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा फाटा भुसावळहून निघून अकोला, बडनेरा, वर्धा करत इथे पोहोचला. पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत आधी मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा मार्ग होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेतला, ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने नेला. उत्तरेला इटारसी जोडलं गेलं. दक्षिणेला काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली. आज आपण पाहतो ती स्टेशनची इमारत १९२५ ची. चारही दिशांचे रूळ इथे एकमेकांना छेदून जातात आणि ते डायमंड क्रॉसिंग बघायला लोक अजूनही मुद्दाम जातात.

पण हे सगळे मार्ग मुंबईला कलकत्त्याशी आणि दिल्लीला मद्रासशी जोडायला बांधलेले. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. सरकारी कामाची, शिक्षणाची, सोयरिकीची वाट जबलपूर, रायपूरकडे जायची. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि इथल्या माणसाला पुण्याला आणि कोल्हापूरला जायची गरज पडू लागली. सरळ रूळ नव्हतेच. भुसावळमार्गे मनमाडला जायचं, तिथून १८७८ मध्ये उघडलेल्या एकेरी मार्गाने दौंडला उतरायचं आणि मग पुणं. पुण्याच्या पुढे मिरजेपर्यंत मीटरगेज होता, तो १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. तेव्हा कुठे नागपूरहून निघालेला डबा थेट कोल्हापूरला पोहोचू शकला. त्या मार्गावर धावणारी गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. पुढे ती गोंदियापर्यंत वाढली आणि एकाच राज्यात तेराशे किलोमीटरहून जास्त धावू लागली.

याच सुमारास डिझेल इंजिनं सर्रास दिसू लागली होती. अमेरिकेतल्या अल्को कंपनीची पहिली मोठी डिझेल इंजिनं भारतात १९५७-५८ मध्ये आली. त्यानंतर १९६२ मध्ये आलं डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मालगाडी आणि प्रवासी गाडी दोन्हींना चालणारं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांच्या वर, पोटात पाच हजार लिटर डिझेल. वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळावर आलं. मूळ अमेरिकन कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, वाराणसीत मात्र हे इंजिन १९९८ पर्यंत बनत राहिलं. अडीच हजारांहून जास्त बनली. दुसऱ्याचं यंत्र घेऊन ते इतकं आपलंसं केल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत, म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं.

आता तारेकडे येऊ. मुंबईकडून विजेचं काम इगतपुरीच्या पुढे सरकत १९६० च्या दशकाअखेर भुसावळला पोहोचलं आणि तिथे थांबलं. कलकत्त्याकडून पोलाद कारखान्यांच्या मागे मागे तार आली, रूरकेला, बिलासपूर, भिलाई असं करत १९७० च्या दशकात दुर्गपर्यंत. मधले साडेसहाशे किलोमीटर उघडे राहिले आणि नागपूर त्यांच्या बरोबर पोटात. त्या काळात मुंबईहून हावडा मेलने निघालेल्याला इगतपुरीपर्यंत डीसी विजेचं इंजिन, भुसावळपर्यंत एसी विजेचं, पुढे डिझेल आणि छत्तीसगडात पुन्हा वीज, असे चार रंग एका तिकिटात दिसत.

डिसेंबर १९७७ मध्ये गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही आमच्याकडून डिझेलवरच गेली. रेल्वेमंत्री होते मधू दंडवते. वर्गभेद नसलेली ही पहिली सुपरफास्ट गाडी. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बर्थवर फोमची गादीही त्यांच्याच काळात आली. हजार किलोमीटरचा प्रवास लाकडावर पाठ टेकून केलेल्या माणसांनाच तिची किंमत कळेल. दिल्ली-मद्रास मार्गावर १९७६ पासून तामिळनाडू एक्स्प्रेस होती. ती लांबलचक गाडी ओढायला दोन डब्ल्यूडीएम-२ एकापुढे एक जोडत आणि पुढच्या इंजिनातला एकच ड्रायव्हर दोन्ही चालवत असे. आम्ही पोरं प्लॅटफॉर्मवर दोन्ही इंजिनांच्या अंगावरची शेडची, म्हणजे त्यांच्या देखभालीच्या आगाराची, नावं वाचायचो. इटारसी आणि काझीपेठ ही गावं बघण्याच्या कितीतरी आधी मला तिथून पाठ झाली होती.

या प्रदेशाला डिझेल मानवलं त्याचं एक कारण घाट. नागपूरच्या उत्तरेला सातपुडा आडवा येतो, बैतूलच्या अलीकडे-पलीकडे चढ आहेत, धाराखोह ते मरामझिरीचा तर प्रसिद्धच. पूर्वेला दरेकसा, बोरतलाव, पानियाजोब हा जंगलातला चढ आणि त्यातला बोगदा. अशा ठिकाणी जड गाड्यांना मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिन लावतात. दुसरं कारण पाण्याचं. विदर्भातल्या मे महिन्यात वाफेच्या इंजिनाला ठिकठिकाणी पाणी पुरवणं हे मोठंच काम होतं. डिझेलने त्यातून सोडवलं.

आम्ही नागपुरात अजनीच्या रेल्वे कॉलनीजवळ राहायचो. शेजारचे काका ड्रायव्हर होते, वाफेवर सुरुवात करून डिझेलवर आलेले. इंजिन चढाला लागलं की काळा धूर का सोडतं, हे त्यांनी मला अंगणात बसून समजावलं होतं. नॉच आठ. नॉच म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्याची पायरी. ड्रायव्हरने नॉच चढवला की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा दाबून भरणारा टर्बो इंजिनाच्याच धुरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल धूर होऊन निघतं. "धूर पांढुरका झाला का समजायचं, टर्बो जागा झाला," काका म्हणायचे. त्यांनीच सांगितलं की हे इंजिन चाकं थेट फिरवतच नाही. ते वीज तयार करतं आणि ती वीज आसांवरच्या मोटारी फिरवते. म्हणजे तार नसलेल्या मुलखात आपलं वीजघर सोबत घेऊन फिरणारं हे इंजिन. स्टेशनात उभं असतानाही ते बंद करत नसत, कारण एवढं मोठं यंत्र पुन्हा बॅटरीवर फिरवून सुरू करणं सोपं नव्हतं. म्हणून प्लॅटफॉर्मवर कायम ती धडधड असायची, एक ठोका जड, दुसरा हलका, घोड्याच्या टापांसारखी. जवळ उभं राहिलं की पायाखालची फरशी थरथरायची आणि गरम तेलाचा वास कपड्यांत बसायचा.

तेलाचे भाव १९७३ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये भडकले, आणि मुख्य मार्गांवर डिझेल जाळणं परवडेना. विद्युतीकरणाला जोर आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आमच्याकडे खांब उभे राहू लागले आणि १९९२ च्या सुमारास काझीपेठ, इटारसी, भुसावळ, दुर्ग या चारही बाजूंनी तार नागपूरला येऊन मिळाली. अजनीला विजेच्या इंजिनांची शेड उभी राहिली. कोराडी आणि चंद्रपूरला वीज होते ती इथल्याच कोळशावर. वाफेच्या इंजिनात जळणारा कोळसा आता तारेतून येऊ लागला, इतकंच. बदल सगळीकडे एकदम झाला असंही नाही. मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर विजेच्या गाड्या धावत असताना शेजारच्या नॅरोगेज फलाटावर, म्हणजे लहान रुळांच्या, यवतमाळची शकुंतला ही गाडी वाफेवरच होती. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं, आणि तिच्या वाट्याला तेव्हा डिझेल आलं.

महाराष्ट्र एक्स्प्रेस मात्र डिझेलवरच राहिली. मनमाड-दौंड आणि पुणे-कोल्हापूर या पट्ट्यांत तार नव्हती, मग मधल्या मधल्या विजेसाठी इंजिन बदलत कोण बसणार? मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा नागपूरच्या फलाटावर डोक्यावर तार असायची आणि गाडीला पुण्याच्या शेडचं डिझेल. सकाळी निघायचं. वर्ध्यापर्यंत डबे उघडायचे, पहिल्या डब्यातली पोळी-भाजी संपायची. शेगावला कचोरी. भुसावळला अंधार पडायचा. डब्यात यवतमाळ, अमरावती, अकोल्याची पोरं, कोणी इंजिनिअरिंगचं, कोणी स्पर्धा परीक्षेचं, आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा.

मध्यरात्रीनंतर दौंड यायचं. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे जायचं तर तेव्हा इथे दिशा उलटी करावी लागायची. कपलिंग सोडायचा खणखणाट व्हायचा, इंजिन सुटून निघून जायचं आणि त्याची धडधड हळूहळू विरत जायची. दिवसभर सोबत असलेला आवाज गेला की डबा एकदम मोकळा वाटायचा. पलीकडच्या डब्यातलं बाळ रडताना ऐकू यायचं. आसाच्या पट्ट्यावर चालणारा डायनॅमो गाडी थांबली की वीज देत नाही, म्हणून पंखे बॅटरीवर जड व्हायचे, दिवे पिवळे पडायचे. वरच्या बर्थवरून कोणीतरी विचारायचं, "कोणतं आलं भाऊ?" खालून उत्तर यायचं, "दौंड हाय, झोप." मग तीच धडधड गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, शेजारच्या रुळावरून येताना ऐकू यायची, खिडकीबाहेरून इंजिन सरकत जायचं, कॅबमधला मिणमिणता दिवा दिसायचा, आणि थोड्या वेळाने एक धक्का सगळ्या डब्यांमधून धावत यायचा. गाडी निघायची. इतका वेळ पुढे तोंड करून बसलेले आता पाठ करून बसलेले असायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की गाडी परत नागपूरला निघाली, आणि खरं सांगायचं तर ते वाटणं मला आवडलं होतं.

या मार्गावर मनमाड-दौंडची तार २०१० नंतरच्या दशकात आली, पुणे-मिरज-कोल्हापूरचं काम आणखी उशिरा झालं, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसचं डिझेल सुटलं.

नागपुरात डिझेलचा आणखी एक संसार होता, लहान रुळांवरचा. इतवारीहून सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याला आणि उमरेड, भिवापूरवरून नागभीडला अडीच फुटी नॅरोगेज गाड्या जायच्या. वाफेनंतर त्यांना लहान झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं लागली. नागभीडच्या गाडीत भाजीची गाठोडी, सायकली, उमरेडच्या बाजाराला निघालेल्या बाया, आणि फाटकाशी गाडी इतकी हळू व्हायची की ओळखीचा माणूस धावत येऊन दांडीला धरायचा. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली, नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये, दोन्ही ब्रॉडगेज करण्यासाठी. या गाड्यांचं काय उरलं ते बघायचं असेल तर मोतीबागेत जावं. तिथलं नॅरोगेज संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये उघडलं. मुलांना घेऊन जा, आणि त्यांना इंजिनाच्या पायरीवर चढू द्या.

मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी अजनीच्या पुलावरून येत होतो. ट्रॅफिक तुंबलं होतं, मी गाडी बंद करून उभा होतो, आणि हॉर्नच्या गोंगाटाखालून तो जड-हलका ठोका ऐकू आला. कठड्याशी जाऊन वाकून पाहिलं. विजेच्या इंजिनांच्या रांगेपलीकडे एक जुनं डिझेल एकटंच उभं होतं, अंगावरून पावसाचं पाणी ओघळत होतं, वरून पातळ धूर निघत होता. शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे हलवायला असेल, किंवा अपघात मदत गाडीला. तार तुटली तरी चालणारं इंजिन हाताशी ठेवावंच लागतं. मागची वाहनं हॉर्न द्यायला लागली तरी मी हललो नाही. सिग्नल पडला, इंजिनाने नॉच घेतला, आधी काळा धूर आला, आणि मग तो पांढुरका होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.