प्लेटलेट नॉर्मल झाल्या, मग पुढे वर्षानुवर्षं रक्त कशाला तपासायचं?

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने मार्शल बेटांमधल्या बिकिनीवर कॅसल ब्राव्हो हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. अंदाज ५-६ मेगाटनचा होता, निघाला १५ चा, आणि दीडशे किमीहून लांब असलेल्या रोंगेलॅप बेटावर काही तासांत स्फोटाची किरणोत्सारी पांढरी राख पडायला लागली, पोरं त्यात चक्क खेळली. शेजारच्या रोंगेरिकवरच्या २८ अमेरिकन सैनिकांना २ तारखेला हलवलं आणि रोंगेलॅपच्या लोकांना ३ तारखेला, का ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मग रोंगेलॅपच्या लोकांच्या रक्ततपासण्या सुरू झाल्या, त्या पुढे अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबच्या डॉक्टरांनी कित्येक दशकं चालवल्या. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सगळ्यात नाजूक, त्या पहिल्या काही दिवसांतच धडाधड कमी होतात. प्लेटलेटचं तसं नाही, किरणोत्साराचा दणका बसतो तो बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींना, रक्तात आधीच फिरत असलेल्या प्लेटलेट आपलं आठ-दहा दिवसांचं आयुष्य आरामात जगतात, फक्त मागून नवा माल येत नाही. म्हणून रोंगेलॅपकरांच्या प्लेटलेट तळाला गेल्या त्या थेट चौथ्या आठवड्यात, नॉर्मलच्या साधारण ३० टक्क्यांवर! लाल पेशी १२० दिवस टिकतात, त्यामुळे तिथे एवढी घसरण दिसतच नाही. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, त्या तर साध्या इन्फेक्शननेही वरखाली होतात, त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा.

बरं, नॉर्मल म्हणजे तरी कुणाचं नॉर्मल? अमेरिकन माणसाचे आकडे लावून चालणार नव्हतं, म्हणून राख न पडलेल्या मार्शली लोकांचं रक्त तुलनेला घेतलं, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर कळलं की वर्षभरानंतरही यांच्या प्लेटलेट थोड्या कमीच आहेत.

पुढे काउंट जवळपास सुधारले, पण दहा वर्षांनी लिम्फोसाइटचे क्रोमोसोम (पेशीतली गुणसूत्रं) बघितले तर त्यात तुटून भलत्याच जागी जोडलेले तुकडे सापडले, रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीत हे कधीच दिसलं नसतं. १९७२ मध्ये एक १९ वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेला, राख पडली तेव्हा तो एक वर्षाचा होता. एका केसवरून किरणोत्सारच कारण हे सिद्ध होत नाही हे खरं, पण इतक्या छोट्या वस्तीत ती सहज सोडूनही देता येत नाही. आणि सगळ्यात जास्त त्रास दिला तो थायरॉइडने, राखेतलं किरणोत्सारी आयोडीन तिथे जाऊन बसलं होतं, त्याच्या गाठी १९६३ पासून दिसायला लागल्या, त्याही मान तपासल्यावर, रक्ताच्या काउंटमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता.