मुंबईतली जुनी इमारत पाडायला निघालेत? हेरिटेज दर्जा, परवानगी आणि हरकतीसाठी लागणारे कागद

गल्लीच्या तोंडाशी निळे पत्रे ठोकले की आपण जागे होतो, पण तोवर फाइल बरीच पुढे गेलेली असते. गिरगावातल्या खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज तिसाच्या आत उरली आहेत. बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलं, ओटीवरची नक्षीची लाकडं भंगाराच्या भावाने जाताना बघवत नाहीत. म्हणून ही माहिती, मुंबईपुरती.

आधी दर्जा काढा

मालमत्ता पत्रकावर नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सीटीएस नंबर, असतो. तो घेऊन महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय नोंद आहे याचा दाखला, काढा, ऑनलाइनही मिळतो. इमारत हेरिटेज यादीत आहे का किंवा हेरिटेज परिसरात येते का, हे त्यात कळतं. स्वतः यादीत नसलेली इमारतही परिसरामुळे नियमात येऊ शकते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दर्जे तीन. पहिल्या दर्जाच्या वास्तूला आतून-बाहेरून शक्यतो हात लावायचा नाही. दुसऱ्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे भाग आहेत. तिसऱ्या दर्जाला बदलाची मुभा सर्वांत जास्त, आणि माझ्या मते म्हणूनच तिथे डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. हे सगळं विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 च्या विनियम 52 मध्ये आहे. त्याआधीचे हेरिटेज नियम 1995 पासून लागू होते.

दुरुस्ती किंवा बदलाची परवानगी

अर्ज मालकाने, सोसायटीने किंवा ट्रस्टने आर्किटेक्टमार्फत करायचा. परवानगी पालिका देते, सल्ला मुंबई वारसा संवर्धन समितीचा. सोबत मालमत्ता पत्रक, डीपी रिमार्क, आहे त्या स्थितीचे आणि प्रस्तावित कामाचे नकाशे, चारही बाजूंचे व आतले फोटो आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल तयार ठेवा. जुना फोटो असेल तर तोही जोडा, मूळ कठडा कसा होता हे त्यावरूनच सिद्ध होतं. नियमांमुळे मालकाचा बांधकामाचा हक्क बुडत असेल, तर बदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. ‘यादीत गेलो की मेलो’ म्हणणाऱ्या मालकाला हे जरूर सांगा.

‘सी-1’ची नोटीस आली तर

खरी लढाई इथे असते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. महापालिका अधिनियमाच्या कलम 354 खाली नोटीस लागते. (सेस इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो अशी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जावं लागतं.) नोटीस भिंतीवरून फाडू नका. तिचा फोटो काढा, तारीख टिपा आणि ज्या ऑडिटवर ती निघाली त्याची प्रत लेखी मागा.

प्रत हातात आली की चाचण्या वाचा. कार्बोनेशन, हाफ सेल या चाचण्या काँक्रीट आणि त्यातल्या सळईसाठी आहेत. चुन्याची जुडाई, वीट आणि सागवानी खांब यांवर उभ्या असलेल्या घराबद्दल त्या काय सांगणार? तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे कुजलंय का, वाळवी लागलीय का, हे पाहिलेलं नसेल तर तेच मुद्द्यात लिहा. मालक किंवा भाडेकरू नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरं ऑडिट करून घेऊ शकतात. दोन अहवाल जुळले नाहीत, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचं उदाहरण आहेच. ती 2-अ दर्जाची इमारत, तिथेच 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. 2019 मध्ये ती पाडण्याची शिफारस झाली होती, दुसऱ्या तज्ज्ञांनी मात्र ती दुरुस्त होऊ शकते असं सांगितलं.

इमारत खरंच धोक्यात असेल तर आत राहण्याचा हट्ट धरू नका. बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद करून घ्या. भाडेपावत्या आणि वीजबिलं सोबत ठेवा.

फाइल बघायची असेल तर

माहिती अधिकारात कोणताही नागरिक अर्ज करू शकतो, तिथे राहत असण्याची अट नाही. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. मी एकदा ऑडिट आणि समितीचं इतिवृत्त एकाच अर्जात मागितलं. अर्ज परत आला आणि महिना हातचा गेला. दोन वेगळे अर्ज करा.

यादीत नावच नसेल तर

कोणीही सुचवू शकतं. आयुक्त व समितीच्या नावे अर्ज करा. सीटीएस नंबर, फोटो, बांधकामाच्या सालाचा पुरावा (जुनी करपावती, खरेदीखत, नकाशा) आणि वास्तूचं वेगळेपण पानभरात लिहून जोडा. समितीच्या सल्ल्याने आयुक्त प्रस्ताव पाठवतात, लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात आणि अंतिम निर्णय राज्य शासन घेतं. याला वेळ लागतो. म्हणून बिल्डरची पहिली बैठक भरण्याआधीच अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत परत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.