पुलाच्या फटीतलं बाळंतघर

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. शहराच्या मधोमध कोलोरॅडो नदी अडवून केलेला तलाव आणि त्यावर काँग्रेस अव्हेन्यू पूल. (ग्रँड कॅन्यनवाली कोलोरॅडो वेगळी. ही टेक्सासातच उगम पावते आणि टेक्सासातच समुद्राला मिळते.) १९८० मध्ये या पुलाचं नूतनीकरण झालं, तेव्हा खालच्या बाजूला काँक्रीटच्या तुळयांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि हात जाईल एवढ्या खोल फटी राहिल्या. इंजिनिअरांच्या मनात त्यांच्याबद्दल काही खास नव्हतं. वटवाघळांच्या मनात मात्र होतं.

थोड्याच वर्षांत तिथे लाखो वटवाघळं लटकू लागली. ऑस्टिनकर घाबरले. रेबीज होईल म्हणून त्यांना हुसकून लावा, अशा मागणीच्या अर्जांवर सह्या झाल्या. १९८६ मध्ये वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल यांनी आपली संस्थाच ऑस्टिनला हलवली आणि लोकांची समजूत घालायला सुरुवात केली: हातात धरू नका, ती तुमच्या वाटेला जाणार नाहीत. आज तेच शहर संध्याकाळी पुलाच्या कठड्याला रेलून, मान वाकवून त्यांची वाट बघतं.

त्यांना या फटी का आवडल्या? हे मेक्सिकन मुक्तपुच्छ वटवाघूळ जेमतेम १२ ग्रॅमचं. अंग पाठीपोटाशी टेकेल अशी अरुंद जागा त्याला हवी असते, तिथे साप-घुबडं पोचत नाहीत. शिवाय काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती ऊब रात्रीही धरून ठेवतं. उघड्या अंगाच्या पिल्लांना आणखी काय हवं? वसंतात मेक्सिकोहून येतात त्या बहुतेक माद्याच. जूनच्या सुमारास प्रत्येकीला एकच पिल्लू होतं, आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात इथली वस्ती १५ लाखांच्या घरात जाते.

आई चरायला जाते तेव्हा पिल्लू इतर पिल्लांच्या दाटीत लटकलेलं असतं. परतल्यावर तिला आपलं लेकरू सापडतं कसं? पूर्वी समज होता की समोर येईल त्याला ती पाजते. या जातीच्या गुहांमधल्या मायलेकरांच्या जोड्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा दहापैकी आठ जोड्या खऱ्या निघाल्या. आधी जागेची आठवण, मग हाक, आणि शेवटी वास. उरलेल्या दोन पिल्लांनी बहुधा परक्या आईचं दूध चोरलं असावं. त्या गर्दीत मला तरी ते माफ वाटतं.

पाजणारी मादी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या दोन तृतीयांश किडे फस्त करू शकते. त्यात मका आणि कापूस पोखरणाऱ्या अळीचे पतंग भरपूर. आपल्याकडे हरभऱ्यावर पडणारी घाटेअळी या अळीची सख्खी चुलत बहीण, म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याला ही वटवाघळं काय करतात ते समजावून सांगायला नको. २००६ च्या एका अभ्यासाने दक्षिण-मध्य टेक्सासातल्या आठ काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) कापूसपट्ट्यात त्यांच्या या फुकटच्या राखणीची किंमत काढली: वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर.

सूर्य कलला की फटीतून चिवचिवाट वाढतो आणि पुलाखालून धुराचा लोट पूर्वेकडे निघतो. हवामान खात्याच्या रडारवर त्याचा ढग उमटतो. त्या ढगातून थेंब पडणार नाही, हे तिथल्या हवामानवाल्यांना पाठ आहे.